ह्यांचा पाला

“अगं तो नव्हे! तो पोस्टमनचा. मी शिंपिणीचा म्हणाले!”

खिडकीतून आवाज आला तशी सून हातातली फांदी सोडून सरळ उभी राहिली. फाटकाशी खुद्द शिंपीण आली होती. सुई लागून तिचं बोट टम्म सुजलं होतं.

“पोस्टमनचा लावला तर काय होईल हो, आई?”

“बोटाला काही होणार नाही. पण चुकून चाटलंस, तर दुपारपर्यंत संडासातून बाहेर यायची नाहीस.”

शिंपीण दुखऱ्या बोटासकट हसली. सूनही हसली आणि डाव्या वाफ्याकडे वळली. खिडकीच्या आत, खाटेवर, पालाकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं, घोट्याला पट्टी होती, आणि परसातलं काम दुसऱ्याच्या हातून होताना बघणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मोरीत पाय घसरायला एक क्षण पुरला होता. आता महिनाभर हलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून मग सुनेनं शर्टांच्या कारखान्यातून रजा घेतली होती. तिथे ती कॉलर जोडायची. हात चलाख, पण पाल्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. काकूंनी खिडकीतून सांगायचं आणि तिनं तोडायचं, असं चाललं होतं.

अडचण एकच होती. काकूंच्या परसात झाडांना झाडांची नावं नव्हती, माणसांची होती. ज्याला गुण आला, त्याचं नाव झाडाला. भिंतीलगतची जाड पानं शिंपिणीच्या सासूची, म्हणून तो शिंपिणीचा पाला. फाटकाजवळचं मूळ मास्तरांचं. ते चघळल्यावर मास्तरांचा बसलेला घसा असा काही सुटला, की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसायला लागली. पोस्टमननं तर एकदा हात जोडले होते. “काकू, माझं नाव काढा हो त्या झाडावरून. अख्ख्या चाळीला माझं पोट माहीत झालंय.” काकू म्हणाल्या होत्या, “नाव काढू, पण मग पुढच्या वेळी मागशील कसं?” आणि एक लांब पात्यांचं गवत होतं ते विहीणबाईंचं. त्याला आपलं नाव पडलंय हे विहीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सोयरीक टिकली होती.

पुस्तकातली नावं काकूंना ठाऊक नव्हती असं नाही, अर्धीअधिक ठाऊक होती. पण त्या म्हणायच्या, पुस्तकातलं नाव घेतलं की झाड आठवतं; माणसाचं नाव घेतलं की दुखणं आठवतं, किती दिलं ते आठवतं आणि कसं उतरलं तेही आठवतं. आता त्यातली निम्मी माणसं उरली नव्हती. मास्तर गेले, शिंपिणीची सासू गेली. काकू सकाळी झारी घेऊन फिरायच्या तेव्हा एकेकाची विचारपूस करत फिरल्यासारख्या फिरायच्या.

परसाच्या मागच्या कोपऱ्यात, घराची भिंत वळते तिथे, एक झुडूप एकटंच होतं. खिडकीतून ते दिसत नसे. उंच, काटकुळं, खाली नुसतं लाकूड आणि वर पानांचा झुबका. त्याला नाव नव्हतं. काकू त्याला ‘ह्यांचा पाला’ म्हणत.

हे, म्हणजे काकूंचे यजमान. समोरच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते आणि दिवसातून चार वेळा भोंगा त्यांच्या हातून वाजायचा, म्हणून सगळी वस्ती त्यांना भोंगेवाले म्हणायची. भोंगा सगळ्यांना सारखाच ऐकू यायचा, पण संध्याकाळच्या भोंग्याचं शेपूट शेवटी किंचित वर जायचं, हे काकूंना एकटीला कळायचं. शेपूट वर गेलं की त्या चुलीवर चहाचं पाणी ठेवायच्या. दुसरा कुणी भोंग्यावर असला की आवाज सरळ संपायचा. मग त्या समजायच्या, आज उशीर.

धुरानं भोंगेवाल्यांची छाती धरली तेव्हा त्यांनीच मालाच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरकडून ही काडी आणली होती, ओल्या रुमालात गुंडाळून. “तुझ्या बागेत ह्याला जागा दे,” म्हणाले होते. काडीनं जीव धरला. काकू रोज त्याचा काढा करून देत. दवाखाना चालू होता, गोळ्या चालू होत्या, काढा चालू होता. आणि एके दिवशी सगळंच थांबलं.

गुण आला असता तर तो ‘भोंगेवाल्यांचा पाला’ झाला असता. गुण आला नाही. परसाचा नियम घरच्या माणसाला वेगळा कसा करायचा? तेव्हापासून त्याचं पान काकूंनी खुडलं नव्हतं. एरवी त्या सगळ्यांना सांगत, “तोडत राहा गं, तोडलं नाही तर झाडाचं लाकूड होतं.” पण त्या झुडपापाशी त्यांचा हात पुढे होत नसे. सुनेलाही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, “सगळ्याला हात लाव. तो कोपऱ्यातला तेवढा ह्यांचा. त्याला नाही.”

शिंपीण गेली आणि थोड्याच वेळात फाटक पुन्हा वाजलं. जुना वॉचमन आला होता. समोरचा कारखाना बंद झाला, यंत्रं गेली, पत्रेसुद्धा गेले, पण त्याला वॉचमन म्हणणं काही गेलं नव्हतं. भोंगेवाल्यांचा तो जिवाभावाचा दोस्त. काठी टेकत, खोकत, फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला.

“वहिनी, मोडलात म्हणे?”

“अर्धीच मोडलेय, भावोजी. अर्धी शिल्लक आहे. बसा तिथं. खोकला वाढलेला दिसतोय.”

“खोकला कुठला वाढतोय, मीच कमी होतोय.”

काकूंनी सुनेला हाक मारली. “अगं, ह्यांना ह्यांचा पाला दे. मूठभर नको, चांगला भारा दे. सारखं येणं होत नाही त्यांना.”

सून जागीच थबकली. “ह्यांचा, आई?”

“हो.”

“नक्की ह्यांचाच?”

“अगं हो, ह्यांचाच! किती वेळा सांगू?”

वॉचमनचा पाला पिंपाच्या कडेला होता, रुंद, लव असलेल्या पानांचा. तोंडावर ‘वॉचमनचा’ कसं म्हणायचं, वडील माणूस, म्हणून काकू मानानं ‘ह्यांचा’ म्हणाल्या होत्या. पण सुनेला या घरात ‘ह्यांचा’ एकच ठाऊक होता. तिला वाटलं, सासऱ्यांचा दोस्त आहे, बेजार झालाय, आईंचं मन द्रवलं असेल. तिला जरा भरूनही आलं. कापड कापायची मोठी कात्री घेऊन ती भिंतीमागे गेली. भारा दे म्हणाल्या होत्या, म्हणून तिनं हात आखडता घेतला नाही.

वॉचमन भारा काखेत मारून गेला. काकू उशीला टेकून डोळे मिटत होत्या, तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला.

कडवट, ओल्या राखेसारखा वास. काकू उठून बसल्या. किती वर्षांत हा वास घरात आला नव्हता! स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्याच्या बुडाला तो वास होता, ते पातेलं घासून घासून शेवटी त्यांनी देऊन टाकलं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, काढा उतू गेला. मग भानावर आल्या.

भिंतीला धरून, एका पायावर लंगडत त्या मागच्या कोपऱ्यात गेल्या. झुडूप नव्हतं. गुडघ्याएवढे चार-पाच खुंट होते आणि त्यांच्या टोकांवर पांढरा चीक आला होता. सून खाली पडलेली पानं गोळा करत होती.

“आई! उठलात कशाला? डॉक्टर...” तिनं काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पानं गळाली. “तुम्हीच म्हणालात ना? मी दोनदा विचारलं. ह्यांचा पाला.”

काकू बघत राहिल्या. ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडणार? शब्द त्यांचाच होता. उभ्या जन्मात नवऱ्याला त्यांनी दुसऱ्या शब्दानं हाक मारली नव्हती, आणि तोच शब्द आज कुणालाही लागू होत होता.

“ते गेले का?” त्यांनी विचारलं.

“गेले.”

“मग धावत जा. म्हणावं, हा तुमचा नेहमीचा नव्हे. अपाय नाही, पण पाव वाटीच घ्यायचा, जेवल्यावर. रिकाम्या पोटी नाही. कडू लागेल.”

“परत घेऊन येते, आई. सगळा आणते.”

“दिलेला पाला परत आणत नसतात.” काकू वळल्या. मग थांबून म्हणाल्या, “आणि कात्री धुऊन ठेव. चिकानं धार जाते.”

त्या दिवशी काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. फाटक दोनदा वाजलं, तरी खिडकीतून आवाज गेला नाही. मुलगा कामावरून आला, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, “एक झुडूपच तर होतं! दुसरं लावू.” सुनेनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचं वाक्य घासाबरोबर गिळून बसला. मग तिनं काकूंच्या ताटातली भाकरी कुस्करून दिली. एका हातानं त्यांना जमत नव्हतं. काकूंनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

“रागवा तरी मला,” सून म्हणाली.

“कशाला रागवू? तू ऐकलंस तेच केलंस. ऐकणारं माणूस मिळालं, त्याच्यावर कुठं रागवायचं?”

हे ऐकून सुनेला रागावल्यापेक्षा जास्त लागलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी वॉचमन आपणहून आला. या वेळी तो खांबाशी थांबला नाही, आत येऊन खिडकीखालच्या पाटावर बसला.

“वहिनी, पाला चुकला म्हणे.”

“चुकला, भावोजी. खोकल्याला त्याचा उपयोग नाही. तुमचा आज देते.”

“खोकला आहे तिथंच आहे. पण परवा दुपारी आडवा झालो आणि झोप लागली. आडव्यानं! कधीपासून बसूनच डुलक्या काढतोय मी.” त्यानं काठी मांडीवर घेतली. “त्यात नवल काय म्हणा. तो म्हणायचाच की.”

“कोण?”

“कोण म्हणजे? भोंगेवाला. शेवटी शेवटी मी बघायला यायचो ना, तेव्हा म्हणायचा, ‘अरे, हिचा काढा म्हणजे जहर आहे जहर. पण दुपार माझी होते. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून तासभर बाजूला ठेवतं.’”

काकूंनी खिडकीची चौकट धरली. “मला तर नुसतं कडू आहे म्हणायचे. तोंड वाकडं करायचे. बरं वाटतंय असं एकदाही म्हणाले नाहीत.”

“तुम्हाला कसं म्हणेल? तुम्ही त्याला पार बरं करायला बसला होतात. त्यानं दुपार सांगितली असती, तर तुम्ही रात्रीचं विचारलं असतं.”

दुपारी ते डोळे मिटून पडायचे, तेव्हा काकू शेजारी बसून विंझणवारा घालायच्या. थकून ग्लानी आलीय, असंच त्यांना वाटायचं. श्वास संथ चाले तेव्हा त्या घाबरायच्या, छातीवर हात ठेवून बघायच्या. त्यांच्या हाताखाली ती छाती वरखाली होत असे, हलकी, एकसारखी. मग काढ्याचा रिकामा पेला उचलून त्या मोरीत नेऊन ठेवायच्या.

“चहा टाक गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “भावोजींना घेऊ दे. आणि त्यांचा पाला पिंपाजवळचा. पिंपाजवळचा म्हणतेय हं, ऐकलंस ना?”

“ऐकलं,” सून म्हणाली. “आता मी कात्री हातात घ्यायच्या आधी बोट दाखवूनच विचारणार आहे.”

“बोट दाखवशील तेही मला दिसायला हवं ना,” काकू म्हणाल्या. वॉचमन हसता हसता खोकला आणि खोकता खोकता हसला.

प्लास्टर निघायला आलं, घोट्याची सूज उतरली, तरी काकूंची खाट खिडकीशीच राहिली. सून पुन्हा कामावर जाऊ लागली होती, पण सुट्टीच्या दिवशी परस तिच्याकडे असे. एकदा एक गवंडी आपल्या आईला घेऊन आला. म्हातारीला फाटकापासून पाटापर्यंत यायला दोनदा थांबावं लागलं.

“दवाखान्यात दाखवलंस?” काकूंनी आधी तेच विचारलं.

“दाखवलं, काकू. गोळ्या चालू आहेत. पण पडलं की दम लागतो. झोप नाही तिला.”

“बरी होईल असं मी म्हणणार नाही हं. दुपार तेवढी बरी जाईल.”

“दुपार गेली तरी खूप झालं,” म्हातारी स्वतःच म्हणाली.

सून हात धुऊन खिडकीखाली आली. “कुठला देऊ, आई?”

“ह्यां...” काकूंच्या तोंडून निघालं आणि अर्ध्यावर थांबलं. सून बघत होती. गवंडी बघत होता. काकूंनी ओठ ओले केले.

“भोंगेवाल्यांचा,” त्या म्हणाल्या.

सगळ्या वस्तीनं उठता-बसता घेतलेलं ते नाव त्यांच्या तोंडात नवीन होतं. जिभेला जरा अडखळलं.

“भोंगेवाल्यांचा,” सुनेनं नीट म्हणून पाहिलं.

“खुंटांना फूट आलीय, तूच म्हणालीस. वरचीच पानं घे, हातानं खूड. कात्री नको.”

सून भिंतीमागे गेली. काकूंनी चांगल्या हातानं खिडकीचं दुसरं दार ढकललं आणि तो कडवट वास आत यावा म्हणून ते पुरतं उघडून ठेवलं.