चढावरचा ठोकळा

जिद्द असेल तर चढता येणार नाही असा एकही चढ या जगात नाही. ट्रकला मात्र जिद्द नसते, गिअर असतात. आणि या गोष्टीतल्या जावयाच्या ट्रकला ते पाचच होते. त्यामुळे मागे सिमेंटची पोती आणि पुढे उरलेला निम्मा चढ, अशा अवस्थेत ट्रक थोर विचारवंतासारखा रस्त्यात थांबून राहायचा.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बोंबलायचं आणि तिसरा टाकला की मान टाकायचं. दोन्हींच्या मध्ये एखादा गिअर हवा होता, पण ट्रक बनवणाऱ्याला तो सुचला नव्हता. हँडब्रेक होता. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ असतं तसा होता.

अशा वेळी शेजारच्या सीटवरून सासरे उतरत. त्यांच्याकडे एक ठोकळा होता. जुन्या दाराच्या चौकटीतून कापलेला, वर लोखंडी पट्टी मारलेला. तो ते मागच्या चाकाखाली सारत, ट्रकच्या मागच्या फळीवर दोनदा थाप मारत आणि ओरडत, "चला!" मग ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर जाई आणि सासरे ठोकळा काखोटीला मारून मागून चालत येत. बाकीचे सासरे जावयाच्या वाटेत अडथळे आणतात ते विनाकारण. यांच्या अडथळ्यावर प्रपंच चालला होता.

सासऱ्यांनी जन्मभर ट्रकच चालवला होता. डोळे अधू झाले, बायको गेली आणि ते लेकीकडे राहायला आले. घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून जावयाने त्यांना केबिनमध्ये बसवलं. तेव्हापासून ती सीट त्यांची आणि ठोकळाही त्यांचाच.

मग गॅरेजच्या मिस्त्रीला कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकची नऊ गिअरची पेटी मिळाली.

जुनी पेटी साखळीने उतरवली, नवी चढवली. नवी लांबीला जास्त निघाली. शाफ्ट कापून, जोडून तेवढा आखूड करावा लागला. ते झालं. पण गिअरचा दांडा वीतभर मागे सरकला आणि रिव्हर्स टाकला की थेट शेजारच्याच्या गुडघ्यावर जाऊन बसू लागला.

"सीट काढून टाक," मिस्त्री ट्रकखालून म्हणाला.

"सीट कसली? तू सासरे काढायला सांगतोयस."

"मग गुडघा काढ."

"माझ्या बायकोला तू सांगणार आहेस का?"

मिस्त्रीने तिला एकदाच पाहिलं होतं. तो ट्रकखालून बाहेर आला, गॅसची बत्ती पेटवली आणि दांडा लाल करून वाकवला. सासऱ्यांपुढे इतकं जावईदेखील कधी वाकला नव्हता.

सीट वाचली. दुसऱ्या दिवशी ट्रक भरून निघाला. चढ सुरू झाला तसे सासरे ठोकळा मांडीवर घेऊन तयारीत बसले. जावयाने पहिला टाकला, दुसरा टाकला, मधला एक टाकला, आणि ट्रक न थांबता, कुरकुर न करता माथ्यावर पोचला.

"मामा, बघितलंत?" जावई हरखून गेला होता. "एकदा तरी थांबला का?"

"नाही," सासरे म्हणाले. "छान झालं." आणि मांडीवरचा ठोकळा त्यांनी हळूच पायाशी ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची कंबर दुखू लागली. ट्रक एकटाच जाऊ लागला. ठोकळा स्वयंपाकघराच्या दाराला लागला. "दार तरी अडेल," सासरे म्हणाले. दाराखेरीज त्याला दिवसातून दोनदा लेकही अडखळत होती. त्यात सासरे शेगडीशेजारी खुर्ची टाकून बसत.

"अगं, आच कमी कर. चढ संपला आता."

"बाबा, डाळ शिजतेय, ट्रक नाही!"

"आवाजावरून कळतं गं मला. ओढत नाहीये ती."

पण ते पूर्वीच्या निम्मंच जेवत, आणि संध्याकाळी ट्रकचा आवाज आला की खिडकीकडे पाठ करून बसत. लेकीला हे दिसत होतं. तिने नवऱ्याला अंगणात गाठलं.

"अहो, बाबांना परत न्या बरोबर."

"रोज विचारतो. म्हणतात, काम नसताना पाहुण्यासारखा कशाला बसू?"

"मग काम काढा."

"कुठून काढू? ट्रक थांबतच नाही."

"नऊ गिअर आहेत ना?" ती म्हणाली. "त्यातला एखादा चुकत नाही होय तुमच्या हातून? लग्नापासून बाकी सगळं चुकतं ते!"

सकाळी जावई सासऱ्यांपुढे उभा राहिला. "मामा, नव्या पेटीचा काही भरवसा वाटत नाही बघा. ठोकळा घेऊन चला."

"काय होतंय तिला?"

"ते... चढावरच कळतं."

सासरे निघाले. कंबरदुखी वाटेत कुठे पळाली कळलं नाही. निम्मा चढ झाला, वाटेतलं एकुलतं झाड मागे पडलं, ऊन रणरणत होतं, आणि जावयाने मनाचा हिय्या करून तिसऱ्याऐवजी सातवा टाकला. इंजिन थरथरलं, आचका दिला आणि बंद पडलं. जावयाने पाय ब्रेकवर दाबून धरला.

"अडला हो, मामा!"

सासऱ्यांनी गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. जावई अत्यंत अभ्यासू नजरेने बाजूच्या आरशात बघत होता.

सासरे उतरले. चाकाखाली ठोकळा बसल्याचा आवाज आला, फळीवर दोन थापा पडल्या, आणि एवढ्या मोठ्याने "चला!" आला की पलीकडचे कावळे उडाले.

ते माथ्यावर पोचले तेव्हा घामाने निथळत होते. सीटवर बसून त्यांनी ठोकळ्याची माती झटकली आणि तो मांडीवर घेतला.

"जावईबापू."

"काय मामा?"

"सातवा टाकलात."

जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकून पडला."

"चुकूनच. दुसरं काय?" सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "फक्त उद्यापासून जरा खाली, त्या झाडाजवळ चुका. तिथे सावली असते."