तिसरा मतदारसंघ आणि हर्नडनचं मंडळ

माझ्या धाकट्या भावाची, त्र्यंबकची, साठीशांत ज्या वर्षी हर्नडनला झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे २००५ साल. ती शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये होती, आणि धुराची घंटा वाजेल म्हणून होम विजेच्या दिव्यांवर भागवला. गुरुजी म्हणाले, अमेरिकेत देव समजून घेतात.

मी त्र्यंबकच्याच घरी राहते. बहिणीला आणायचा अर्ज त्यानं केला तेव्हा माझे केस काळे होते आणि नवरा जिवंत होता. परवानगी आली तेव्हा दोन्ही नव्हतं. लहानपणी घरात एकाचीच शाळेची सोय होती. ती त्याची झाली, आणि मी त्याला कडेवर घेऊन शाळेपर्यंत पोचवायला जात असे. अक्षरं मला पंचेचाळिशीनंतर भेटली, साक्षरतेच्या वर्गात. उशिरा भेटलेल्या माणसाशी जरा जास्तच बोलावंसं वाटतं, म्हणून लिहिते.

त्र्यंबकची मुलगी देवयानी इथंच जन्मली. ती युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होती, आणि विषय काय? जपानमधला एक मतदारसंघ. सगळा जपानसुद्धा नाही. पार्लमेंटच्या एका जागेचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास. त्या गावांची नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून ती मला मतदारसंघाच्या नंबरावरून नुसतं ‘तिसरा’ म्हणून सांगायची.

“आत्या, तिसऱ्यात आधी आजोबा निवडून यायचे. मग त्यांचा मुलगा. आता जावई.”

“जावयाचं आडनाव वेगळं असेल की.”

“नो, त्यानं आडनावच बदललं. सासऱ्यांचं घेतलं. व्होटर्सना सवय असते ना.”

मी म्हटलं, आमच्याकडचे पुढारी नुसता पक्ष बदलतात आणि आम्ही त्यांना नावं ठेवतो. हा तर नावच ठेवून आला.

देवयानीनं आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. तिथं मतपत्रिकेवर नावं छापलेली नसतात, चिन्हंही नसतात. कोरा कागद मिळतो आणि उमेदवाराचं नाव मतदारानं स्वतःच्या हातानं लिहायचं. मतं सारखी पडली तर चिठ्ठी टाकतात. पार्लमेंटची जागासुद्धा चिठ्ठीवर जाते.

आता आमच्या मराठी मंडळाचं. त्या सालाच्या एकोणतीस वर्षं आधी हे मंडळ त्र्यंबकच्या बेसमेंटमध्ये स्थापन झालं. तेव्हा सतरंजी त्याची, चहा त्याचा आणि अध्यक्ष प्रल्हादरावांचे थोरले भाऊ. ते थकल्यावर अध्यक्ष झाले प्रल्हादराव. प्रल्हादराव थकले नाहीत, पण त्यांचा मुलगा विक्रम चाळिशीला आला, तेव्हा आता तरुणांना संधी द्यावी असं त्यांच्या मनात आलं. हर्नडनच्या सगळ्या तरुणांत त्यांना नेमका विक्रम दिसला. जपानला जायचं तिकीट काढून देवयानीनं जे शोधलं, ते वीस मिनिटांच्या ड्राइव्हवर होतं.

आणि त्र्यंबक? तो एकोणतीस वर्षं विमानतळावरून पाहुणे आणत होता. भारतातून गायक आला, त्र्यंबक ड्राइव्ह करतो. कीर्तनकार आले, त्र्यंबकच. गणपतीत सगळे स्टेजवर आणि हा केशरी जाकीट घालून पार्किंगमध्ये हातवारे करतोय. एकदा आरतीला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा आरती संपली होती. त्याच्या हृदयाच्या वाहिन्यांत दोन नळ्या घातलेल्या होत्या, आणि साठीशांत झाल्यावर तो मला म्हणाला, “अक्का, एकदा मला त्या खुर्चीत बसायचंय. एकच वर्ष. गणपतीला हार मी घालणार, आणि गाड्या दुसरं कोणीतरी लावणार.”

त्याचं मागणं एवढंच होतं. त्यानं अर्ज भरला.

अर्ज भरला म्हणजे काय केलं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या मंडळात निवडणूक लागणं हे घरात पोलीस येण्यासारखं. दर वर्षी चार वडीलधारे आधी ठरवतात, मग सगळे टाळ्या वाजवतात, आणि ‘बिनविरोध’ असं म्हणताना छाती अशी फुगते, जसा काही किल्ला घेतला. आता दोन उमेदवार झाल्यावर छापील मतपत्रिकेवर कोणाचं नाव वर, यावरूनच दोन मीटिंगा गेल्या. शेवटी देवयानी म्हणाली, “नावं छापूच नका ना. जपानसारखं करा. लिहा.”

सगळ्यांना पटलं. मराठी मंडळ आहे, तर मराठीतच लिहायचं, असाही ठराव झाला. टाळ्या पडल्या. त्या वाजवणाऱ्यांत मराठीत सही येणारे थोडेच होते, पण ठराव काय, टाळ्यांनी होतो. आणि निवडणूक अधिकारी म्हणून प्रल्हादरावांनी देवयानीचंच नाव सुचवलं. सगळ्यांना वाटलं, काय मोठं मन! मला वाटलं, हा माणूस पोरीला ओळखतो. बापाचं काम असलं की ती दुप्पट कडक होणार.

दिवाळीनंतरच्या रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात मतदान झालं. देवयानीनं आधी नियम वाचून दाखवले. “ओन्ली नाव. पुढे राव, काका, काकू लिहिलं तर चालेल. बाकी काहीही लिहिलं तर मत बाद. जपानमध्ये असंच आहे. एक्स्ट्रा काही लिहिलं की मत कोणाचं ते ओळखू येतं.”

हे ती सांगत होती तेव्हा तिची आई, प्रतिमा, आत फराळाचे डबे उघडत होती. चकल्या मऊ पडल्या की काय, ही तिची काळजी.

प्रतिमाबद्दल सांगायला हवं. ती बँकेत होती. इंग्रजी फॉर्मवर नवऱ्याचं नाव तिनं शेकडो वेळा लिहिलं असेल, हात अडखळला नाही. मराठीत मात्र नवऱ्याचं नाव घेत नाही, लिहीत नाही. इंग्रजीत चालतं. देवाला इंग्रजी येत नसावं. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि उखाण्यात तिचा हात धरणारी अख्ख्या व्हर्जिनियात नाही. हळदीकुंकवाला तिचा नंबर शेवटी ठेवतात, नाहीतर तिच्यानंतर कोणी नाव घ्यायला धजत नाही.

मतमोजणी सुरू झाली. देवयानी एकेक कागद उलगडून मोठ्यानं वाचत होती. ‘विक्रम.’ ‘त्र्यंबककाका.’ ‘त्र्यंबकराव.’ ‘विक्रम.’ एकानं लिहिलं होतं, ‘आपलं ठरलंय ते.’ बाद. एकानं लिहिलं होतं, ‘पार्किंग सुधारा.’ बाद. त्र्यंबकचा चेहरा तेवढा पडला. शेवटचा कागद उरला तेव्हा दोघांची मतं बरोबर सारखी होती.

देवयानीनं कागद उलगडला आणि थांबली.

“वाचा की,” प्रल्हादराव म्हणाले.

तिनं वाचलं, तिच्या त्या अमेरिकन उच्चारात, एकेक शब्द दगडावर पाय ठेवल्यासारखा:

“पोटोमॅकच्या काठी चेरी आली बहरून,
त्र्यंबकरावांना मत देते लक्ष्मीनारायण स्मरून.”

हॉलमधून “वाऽऽ!” असा आवाज गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिमा चकल्यांच्या डब्यामागून लाजली. कोणाचं मत, हे ओळखायला पोलीस नको होते.

“झालं तर!” त्र्यंबक खुर्चीतून उठलाच. “एकानं पुढे!”

“बसा बाबा,” देवयानी म्हणाली.

“नाव आहे की त्यात,” प्रतिमा म्हणाली.

“आई, नाव आहे. पण बाकीचं पण आहे.”

“मग बाकीचं काढून टाक. घेवडा निवडताना शिरा काढतेस ना? शेंग टाकून देतेस का?”

बायका हसल्या. मी म्हटलं, “उखाणा म्हणजे नावच, देवयानी. नुसतं नाव घेणं हे आमच्यात नाव घेणं नव्हे.”

“आत्या, प्लीज.”

प्रल्हादराव उठले. हात जोडले. “वहिनी, उखाणा फर्स्ट क्लास. लक्ष्मीनारायणसुद्धा योग्य जागी. पण कायदा तो कायदा. आणि हा कायदा काही आम्ही आणलेला नाही. तुमच्याच घरून आलाय.”

सगळे देवयानीकडे बघायला लागले. तिचे कान लाल झाले होते. तिनं कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “बाद.”

प्रतिमानं डब्याचं झाकण लावलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तेवढाच आवाज झाला.

“आता टाय आहे,” देवयानी म्हणाली. “रूलप्रमाणे चिठ्ठी टाकायची.”

“चिठ्ठी?” प्रल्हादरावांना धक्का बसला. “मराठी माणसांचा अध्यक्ष काय भिशीसारखा काढायचा? लोक काय म्हणतील? अरे, एकोणतीस वर्षांत आपल्याकडे फूट पडली नाही. ही आपली परंपरा.” मग ते त्र्यंबकच्या जवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “त्र्यंबकराव, तुम्ही मंडळाचे भीष्म. तुम्ही यंदा माघार घ्या, बिनविरोध करून टाकू. पुढच्या वर्षी तुम्ही. बिनविरोध. माझा शब्द.”

भीष्म म्हटल्यावर पुढं काय होतं ते महाभारतात आहे, पण त्र्यंबकनं तेवढ्यावरच मान डोलावली.

“बाबा, नको,” देवयानी टेबलामागून उठून आली. “चिठ्ठीत तुमचे फिफ्टी पर्सेंट आहेत. माघार घेतली तर झिरो.”

“अगं, शब्द दिलाय त्यांनी.”

“कुठे लिहिलाय?”

“शब्द काय लिहून घेतात का? आपली माणसं आहेत.”

“ते लिहून देणार नाहीत, म्हणूनच विचारतेय.”

“देवयानी, तू जपान बघितलायस. मी यांना एकोणतीस वर्षं बघतोय.”

“आणि ते तुम्हाला,” मी म्हटलं. ते कोणी ऐकलं नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

विक्रम वाकून त्र्यंबकच्या पाया पडला. पोरगा वळणाचा आहे. मग त्यानं विचारलं, “काका, डिसेंबरमध्ये नागपूरचे गायक येतायत. त्यांना एअरपोर्टवरून...?” त्र्यंबक म्हणाला, “आणतो.”

घरी येताना गाडी त्र्यंबकच चालवत होता. मागच्या सीटवर देवयानी आईच्या शेजारी बसली होती. प्रतिमा म्हणाली, “चेरी वसंतात येते. नोव्हेंबरात कशाला घातली मी? म्हणून बाद झालं असेल.” देवयानी हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

मंडळाच्या पत्रकात छापून आलं: ‘श्री. विक्रम यांची अध्यक्षपदी एकमताने बिनविरोध निवड. श्री. त्र्यंबक यांनी प्रकृतीच्या कारणास्तव माघार घेतली.’ मतदान झालं होतं, मतं मोजली होती, एका बाईचा उखाणा बाद झाला होता. यातलं काहीच झालं नव्हतं, असं त्या पत्रकावरून कळलं. मी ते अक्षर अक्षर लावून दोनदा वाचलं. वाचायला शिकण्याचे फायदे असतात, तसे तोटेही.

देवयानीनं ते पत्रक युनिव्हर्सिटीत नेलं. आठवड्यानं तिचा फोन आला. “आत्या, माझ्या तिसऱ्यात पण असा एक माणूस आहे. आजोबांचा अपोनंट. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय, प्रकृतीच्या कारणास्तव माघार. मी पण तसंच लिहिलं होतं. मग मी चेक केलं. तो नंतर छत्तीस वर्षं जगला.”

“त्याला पण पुढच्या वर्षीचा शब्द दिला असेल.”

“आय थिंक सो. तो चॅप्टर मी पुन्हा लिहितेय.”

तिचा तो चॅप्टर प्राध्यापकांना सगळ्यात आवडला. डॉक्टरेट मिळाली.

पुढच्या वर्षी त्र्यंबकनं नवा कोट शिवून आणला. सभेत प्रल्हादरावांनी जाहीर केलं की मंडळाची घटना जुनी झाली होती, ती सुधारली आहे, आणि अध्यक्षपद आता तीन वर्षांचं केलं आहे. एका वर्षात माणूस काय काम करणार? तीन वर्षं विक्रमच्या निवडीपासून मोजायची. त्र्यंबकची पाळी ठरलेलीच होती, फक्त ती २००८ च्या दिवाळीनंतर येणार होती. शब्द मोडला असं कोणी म्हणू शकलं नसतं. त्र्यंबकही म्हणाला नाही. त्या वर्षीही आणि पुढच्या वर्षीही गणपतीत तो पार्किंगमध्ये होता. प्रतिमा ताट घेऊन त्याला तिथंच प्रसाद नेऊन द्यायची.

माझा भाऊ त्र्यंबक २००८ सालच्या जून महिन्याच्या आठ तारखेला, रविवारी सकाळी, हर्नडनच्या घरी हृदय बंद पडून वारला. त्याचं वय त्रेसष्ट होतं.