जांभळा टाय

ताकेहिको कुरियागावा म्हणजे तोक्योच्या टीव्हीवरचे येनचे पंडित. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर कुठल्या शब्दावर खोकले, यावरून व्याजदर वाढणार की नाही हे ते सकाळच्या बातम्यांत सांगत. अंदाज चुकला, तर तो का चुकला हेही दुसऱ्या दिवशी तितक्याच ऐटीत सांगत.

घरी मात्र तिथल्या चारचौघांसारखा पगार बायकोच्या, सेत्सुयोच्या हातात. खिशाला लागेल तेवढं तीच देणार. पण येन देऊन डॉलर कधी घ्यायचे, हे खातं तेवढं साहेबांचं, आणि तिथंच घोडं अडलं होतं. दोघं आणि सेत्सुयोची थोरली बहीण मित्सुए, असं तिघांनी हवाईला जायचं घाटत होतं. येन पडला की साहेब म्हणत, "आता कसं परवडणार?" वधारला की म्हणत, "थांब, अजून वधारेल." थांबता थांबता मित्सुएचे गुडघे कुरकुरायला लागले. आता नाही तर कधीच नाही, हे सेत्सुयोला कळून चुकलं होतं.

मध्यवर्ती बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या बैठकीआधी दोन दिवस ती मासळी आणायला गेली. काजिकावा मासळीवाला हळूच म्हणाला, "वहिनी, परवा साहेब टाय कुठला घालणार?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"अहो, मागच्या दोन्ही बैठकांना जांभळा होता, आणि दोन्ही वेळा दर वाढले, येन वधारला! आमची ही तर आवाज बंद करून नुसता टाय बघते आणि फोनवरून येन घेते. तिच्या मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी, सगळ्यांचं तेच."

सेत्सुयोने हसू दाबत बांगडा बांधून घेतला. दोन्ही वेळा साहेबांनी निळ्या टायवर नूडल्सचा रस्सा सांडला होता, म्हणून जांभळा बाहेर निघाला होता. यात बँकेचा काडीचा संबंध नव्हता.

बैठकीच्या सकाळी तिने जांभळा काढून ठेवला.

"निळा कुठाय?"

"धुवायला टाकलाय." खोटं नव्हतं. पहाटे उठून तिनेच तो बादलीत बुडवला होता.

टीव्हीवर साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, "या खेपेला दर वाढणार नाहीत." ऐकतंय कोण! येन चढायला लागला. पडद्याखालची पट्टी सांगू लागली, 'दरवाढीच्या चर्चेने येन वधारला.' ती वाचून ज्यांनी टाय पाहिला नव्हता त्यांनीही येन घेतले. तोक्यो घेतंय म्हणून सिंगापूरने घेतले, आणि सिंगापूर घेतंय म्हटल्यावर तोक्योने आणखी. शहाण्यांची जत्रा ती, कोणी कोणाला विचारीना. शेवटी साहेबही घसा खाकरून म्हणाले, "बाजाराला कसली तरी चाहूल लागलेली दिसते. दरवाढ अगदीच नाकारता येणार नाही."

स्वयंपाकघरात सेत्सुयोला इतकं हसू आलं की तिने शेगडी बंद केली. मग जाहिराती लागल्यावर नवऱ्याला फोन लावला.

"अहो, येन चांगला वधारलाय. घेऊ का डॉलर?"

"छे छे! अजून वधारेल. थांब."

"तुमचं नक्की?"

"अगं, हा माझा विषय आहे!"

"बरं," ती म्हणाली. तिला राग आला, आणि आपण उगाच विचारलं असंही वाटलं. ती तडक चौकातल्या प्रवास कंपनीत गेली.

जेवणाच्या वेळेला निकाल आला. दर जैसे थे. येन दाणकन आपटला. साहेबांचा सकाळचा अंदाज खरा ठरला होता, पण पुढचा बदललेला अंदाजच सगळ्यांच्या लक्षात होता.

संध्याकाळी ते टाय सैल करत खाली बसले. "बघितलंस? सकाळी मी म्हणालो तेच झालं! पण येन पडलाय, कसं परवडणार? आता पुढच्या वर्षीपर्यंत थांबू."

सेत्सुयोने भाताच्या वाडग्याशेजारी पाकीट ठेवलं. "मी नाही थांबले. येन पडायच्या आधीच डॉलर घेतले आणि काढली तिकिटं."

साहेबांनी पाकीट उघडलं. चेहरा आधी पडला, मग हळूहळू खुलला. हवाईचा समुद्र त्यांनाही हवाच होता की. त्यांनी तिकिटं पुन्हा उलटसुलट पाहिली.

"अगं, ही तर दोनच आहेत."

"हो. मी आणि ताई."

"आणि माझं?"

"तुम्ही थांबा," वाडग्यात भात वाढत ती म्हणाली, "अजून वधारेल."