विमानतळावरचं जहाज

कल्पलता नावाचं गॅसवाहू जहाज त्या सकाळी एका परक्या देशाच्या विमानतळावर उभं होतं. नीरजासमोरच्या पडद्यावर तरी ते तसंच दिसत होतं. धावपट्टीच्या मधोमध एक हिरवा टोकदार ठिपका, आणि समुद्र तिथून चांगला लांब. आजूबाजूला आणखी काही जहाजं होती, तीही वाळूतच, भोंडल्याचा फेर धरावा तशी गोल गोल फिरत होती.

नीरजा चहा हातात धरून त्या फेराकडे पाहत राहिली. चहावर साय धरली तरी तिला कळलं नाही.

खराडीच्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, जहाजं चालवणाऱ्या कंपनीचं हे ऑफिस होतं. खिडकीतून दिसायचे ते मुळा-मुठेकाठचे टॉवर आणि क्रेन. समुद्र नावालाही नव्हता. पण इथे बसूनच जगभरच्या जहाजांवर लक्ष ठेवलं जाई, आणि आखातातली जहाजं नीरजाकडे होती. प्रत्येक जहाज आपण कुठे आहोत हे आकाशातल्या उपग्रहांना विचारून घेतं आणि मग सगळ्यांना सांगत राहतं. तिकडे युद्ध पेटल्यापासून मात्र कुणीतरी मध्येच बसून खोटी उत्तरं देत होतं. त्यामुळे जहाजं वाळवंटात जात होती, डोंगरावर चढत होती.

तिने कल्पलतावर फोन लावला.

"कॅप्टन, तुम्ही विमानतळावर दिसताय."

"असं?" पलीकडून कॅप्टन श्रीधरांचा आवाज आला. मूळचे सदाशिव पेठेतले. आयुष्य समुद्रावर काढलं तरी आवाजातली पेठ गेली नव्हती. "मग विमान किती वाजताचं आहे तेवढं विचारून ठेवा. इथे आम्ही उगाच पाण्यात बसलोय."

"खरंच पाण्यात आहात ना, सर?"

"नीरजाबाई, खारट लागतंय. आणखी काय पुरावा देऊ?"

ती हसली. मग त्यांनी रडारवरून आणि किनाऱ्यावरच्या दीपस्तंभावरून काढलेली खरी जागा सांगितली आणि तिने ती हाताने नकाशावर मांडली. त्या दिवसांत हे रोजचंच झालं होतं. पडद्यावरचं जहाज एक आणि सांगितलेलं जहाज दुसरं. दोन्हींच्या मधल्या जागेत नीरजाचं मन दिवसभर तरंगत असायचं.

घरी गेल्यावर वडील, बजरंगआबा, ओट्यावर बसलेले असत. पूर्वी त्यांची शेती होती. ती आता इमारतींखाली गेली होती, आणि आबांना जगाच्या बातम्या ऐकण्याचा नाद लागला होता.

"आज कुठं हाय गं तुझं जहाज?"

"विमानतळावर, आबा."

"आन् त्यात आपला गॅस हाय?"

"गॅस आहे."

"मग उडू दे की. लवकर यील." आबा हसले. मग म्हणाले, "मानसं किती हायेत त्यावर?"

गॅसचं सगळे विचारत. माणसांचं विचारणारे आबा एकटेच.

त्या दिवसांत तिला जहाजं भलत्याच ठिकाणी दिसू लागली. मुंढव्याच्या पुलावर स्कूटर अडकली की खालच्या जलपर्णीतून एक लांबलचक लाल पोट संथपणे सरकत जाई. एका पहाटे झोपेत तर कल्पलता थेट ज्वारीच्या रानातून आली. कणसं दोन्ही बाजूंना वाकत होती, आवाज अजिबात नव्हता. कॅप्टन कठड्यावरून वाकून अगदी सभ्यपणे विचारत होते, "अहो, हा रस्ता हडपसरला निघतो का?" तिला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात माती भरल्यासारखं झालं होतं. जागी झाली तेव्हा आई स्वयंपाकघरात दूध तापवत होती आणि गॅसची निळी ज्योत फुरफुरत होती.

त्याच दिवशी दुपारी कल्पलता सामुद्रधुनीत शिरली. दोन्ही बाजूंना दोन देश, मधे अरुंद पाणी, आणि त्या पाण्यातून अख्ख्या जगाचं तेल आणि गॅस जाणार. नीरजाच्या पडद्यावर ठिपका एकदम उडाला आणि उत्तरेकडच्या देशाच्या हद्दीत, पार आत जाऊन बसला.

तिचे वरिष्ठ माधवसर धावतच आले. शांत माणूस, पण तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "हे त्यांच्या हद्दीत गेलंय. गस्तीच्या बोटी धरून नेतील. ताबडतोब दक्षिणेला वळायला सांग."

"सर, हा ठिपका खोटा आहे."

"कशावरून?"

"सकाळपासून चार जहाजं नेमकी ह्याच जागी दिसली. एकावर एक कशी उभी राहतील?"

"आणि खोटा नसला तर? उद्या जहाज पकडलं गेलं तर घरच्यांना मी काय सांगू? की आम्हाला दिसत होतं, पण आम्ही बोललो नाही?"

त्यांचंही चूक नव्हतं. नीरजाने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"मी जिथे असायला हवं तिथेच आहे," कॅप्टन म्हणाले. ह्या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "डाव्या हाताला बेट आहे, मी डोळ्यांनी बघतोय. आणि मगाचपासून रेडिओवर कुणीतरी मला दक्षिणेला वळ म्हणतंय. फार गोड इंग्रजी आहे. कोण आहे ते सांगत नाही."

माधवसरांनी नीरजाकडे पाहिलं. तेही तेच सांगणार होते.

"दक्षिणेला काय आहे, सर?" तिने विचारलं.

"उथळ पाणी. परवा तिथेच सुरुंग दिसल्याची खबर आहे. माधवराव, तुमचा हुकूम असेल तर सांगा. नसेल तर मी सरळ जातो."

माधवसरांनी कपाळ चोळलं. "तुला काय वाटतं, नीरजा?"

तिला भीती वाटत होती. पडद्यावर ठिपका इतका स्पष्ट, इतका ठाम होता. रोज त्याच्याकडे बघूनच तर ती आपलं काम करत होती. तिने पडद्याकडे पाठ केली.

"ते समुद्र बघतायत, सर. आपण चित्र बघतोय."

"सरळ जा, कॅप्टन," माधवसर म्हणाले.

"आभारी आहे. आता मी सगळं बंद करतो. आवाजावरूनही माग काढतात म्हणे लोक. बाहेर पडलो की बोलू." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "नीरजाबाई, हेमाला सांगा. फोनवर नको."

ठिपका विझला.

संध्याकाळी ती स्कूटर घेऊन कॅप्टनांच्या घरी गेली. सदाशिव पेठेतल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते राहत. त्यांच्या पत्नी हेमाकाकूंनी दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच म्हणाल्या, "गप्प झाले ना? ये आत. कॉफी टाकलीये."

नीरजाने जे झालं ते सगळं सांगितलं. काकूंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. खाली रिक्षांची गडबड, आणि समोरच्या पिंपळाची पानं वाऱ्याने सळसळत होती.

"तू समुद्र पाहिलायस?" काकूंनी विचारलं.

"एकदाच. शाळेची सहल गेली होती हरिहरेश्वरला. तेव्हा ओहोटी होती. ओली वाळूच पाहिली जास्त."

काकू हसल्या. "लग्न झाल्यावर मी एकदा ह्यांच्याबरोबर गेले होते. एका सकाळी उठून बाहेर आले तर आभाळ आणि पाणी ह्यांच्यामधली रेघच नाही. सगळं एकच राखाडी. जहाज चाललंय की थांबलंय तेही कळेना. मी घाबरून विचारलं, आपण कुठे आहोत? तर म्हणाले, इथे." त्यांनी कप खाली ठेवला. "तेव्हा मला राग आला होता. आता ते निघाले की मी नकाशा बघतच नाही. इथेच असतील, असं म्हणते."

अंधार पडेपर्यंत दोघी तशाच बसल्या. मधेच काकूंनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा तळवा गार पडला होता. तेव्हा नीरजाच्या लक्षात आलं की ह्या बाईला आपल्याइतकीच भीती वाटतेय, फक्त तिला ती बाळगायची सवय आहे.

दुसरा दिवस तसाच गेला. बातम्यांत एका तेलवाहू जहाजावर ड्रोन पडल्याचं आलं. नाव सांगितलं नाही. नीरजा ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. भिंतीला डोकं टेकवलं तेव्हा इमारत हलकेच डुलतेय असं तिला वाटलं. आपणही कुठल्यातरी पाण्यात आहोत, आणि आपल्यालाही कुणीतरी लांबून शोधतंय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"नीरजाबाई, कल्पलता अरबी समुद्रात आहे. तुमचा पडदा काय म्हणतो?"

तिने डोळे पुसले. ठिपका निळ्या रंगावर आला होता. "तेच म्हणतोय, सर. पाण्यात."

"चला, एकमत झालं." आवाज फार थकलेला होता. "पण मला उशीर झालाय, त्याचं कारण सांगतो. बाहेर पडताना एक लाकडी मासेमारी बोट जळताना दिसली. वरून काय पडलं देव जाणे. माणसं फळ्या धरून तरंगत होती. मी इंजिन थांबवलं."

"तिथे? सामुद्रधुनीत?" जवळ येऊन ऐकणाऱ्या माधवसरांनी विचारलं.

"आणखी कुठे? ती माणसं तिथेच होती." कॅप्टन पुढे म्हणाले, "सहा जणांना वर घेतलं. ज्या देशाच्या बोटी आम्हाला धरायला टपल्या होत्या, त्याच देशाचे आहेत. त्यातला एक म्हातारा काल पहाटे गेला. त्याला समुद्रात सोडलं. प्रार्थना त्याच्या भावाने म्हटली. आम्हाला ती येत नव्हती. आम्ही टोप्या काढून उभे राहिलो."

नीरजाने कागद पुढे ओढला.

"आता पाच आहेत. जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. त्यांना कुठे उतरवू ते सांगा."

त्या प्रश्नाला सोपं उत्तर नव्हतं. एका देशाने शत्रूची माणसं घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने आधी त्यांच्या सरकारचं पत्र आणा म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या सरकारचे फोन लागतच नव्हते. विमा कंपनीने विचारलं की भरलेलं गॅसचं जहाज धोक्याच्या पाण्यात थांबवलंच का.

"काय लिहू?" माधवसरांनी विचारलं.

"वाटेत माणसं होती म्हणून, असं लिहा," नीरजा म्हणाली.

माधवसरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

दोघं फोनवर फोन करत राहिले. दिल्लीत, मुंबईत, आणखी कुठे कुठे. शेवटी अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या देशाने होकार दिला. त्याचं युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या रेड क्रेसेंटची, म्हणजे तिकडच्या रेड क्रॉसची, बोट बंदराबाहेर येऊन पाचही जणांना घेऊन जाणार होती. आपल्या नौदलाचं गस्तीवरचं एक जहाज तोवर जवळ थांबायला तयार झालं. नीरजाने हे कॅप्टनांना कळवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"एक काम आहे," कॅप्टन म्हणाले. "जो गेला त्याचा भाऊ इथे माझ्याजवळ उभा आहे. खुणा करून विचारतोय, आमची ही सगळी सोय कुणी केली. मी म्हटलं, लांब एका गावात एक मुलगी बसलीये. त्याला तुमच्याशी बोलायचंय."

"पण सर, मला त्यांची भाषा कुठे येते?"

"मलाही येत नाही. घ्या."

फोनमध्ये वारा आला. मग एका माणसाचा श्वास. आणि मग तो बोलू लागला, हळू, न थांबता. काही शब्द गाण्यासारखे लांबत होते, काही मधेच तुटत होते. बहुधा तो भावाचं नाव सांगत होता, कारण एक शब्द परत परत येत होता. नीरजाने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि डोळे मिटले.

"हो," ती म्हणाली. "ऐकतेय मी. सांगा."

तो सांगत राहिला.