धवलारणीच्या मागच्या बाया

खाडीच्या वाऱ्यावर ऐकलेला मडमेचा तो आवाज बायजाच्या कानात अजून होता. कोपरीच्या बंगल्यात नवी आलेली योझेफा मडम, कुणी ऐकत नाही असं समजून एकदाच गायली होती. पोलंड देशात, वॉर्सा शहरी ती ऑपेरातली नावाजलेली गाणारीण. रेल्वेतल्या साहेबाशी लग्न केलं नि गाणं सोडलं, असं ती सगळ्यांना सांगे.

बायजा गावची धवलारीण. तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्यावाचून लग्न लागायचं नाही. आता तिच्याच लेकीचं, शालूचं लग्न होतं, आणि मडमेनं मागं साथीच्या बायांत बसून गावं असा बायजाचा हट्ट होता.

"येईन, पण गाणार नाही," योझेफा म्हणाली.

"मंग जेवाया ये गो मडमबाय. जेवाया काय सूर लागत नाय."

शालूला हळद लागली तसा बायजाचा आवाज तुटला, धवला मधेच थांबला. योझेफानं डोळे गच्च मिटले. पण मागच्या बायांनी ती ओळ अलगद उचलली नि पुढं नेली. कुणी मान वळवून पाहिलं नाही. जरा वेळानं बायजा पुन्हा त्यांच्या सुरात मिसळली.

जेवणं झाल्यावर योझेफा तिच्याजवळ येऊन बसली.

"तुला लाज नाही वाटली?"

"कसली गो? मागं बाया बसतात त्या कशाला?"

योझेफानं मांडवातल्या त्या बायांकडं पाहिलं.

"लग्नासाठी नाही सोडलं मी गाणं, बायजा. भरल्या नाटकघरात माझा आवाज असाच तुटला. लोक हसले. तेव्हापासून मला गायची भीती वाटते."