मुकादमाचं बिऱ्हाड

लाल झालेला खिळा धाकटीने पकडीत धरला आणि टबाच्या अंगाला टेकवला. प्लास्टिक आधी रुसलं, मग चुरचुरलं, आणि अखेर वाट देऊन मोकळं झालं. एक भोक झालं. चार बोटं सोडून दुसरं. खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी जळका वास खोलीतून हलायला तयार नव्हता. नाकातोंडाला फडकं बांधून ती पुन्हा शेगडीकडे वळली.

टब दोन होते, राखी रंगाचे, माणूस पाय पोटाशी घेऊन निजेल एवढे. रजया-पांघरुणं भरून लोक पलंगाखाली सारतात, तसले. झाकणं काढून तिने भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांचं काही काम नव्हतं.

"काय गं, बाळंतपण काढलंस की काय कुणाचं? केवढाले हे टब!"

शेजारच्या शिवणवाल्या काकू गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून दारात उभ्या होत्या.

"बाळ नाही, काकू. म्हातारा आहे. तो काय, बसलाय."

काकूंनी पुठ्ठ्याच्या खोक्यात डोकावून पाहिलं. ताटाएवढं कासव मान आत ओढून बसलं होतं. नाकावर मलमाचा पांढरा ठिपका.

"अगंबाई! हा तर तुमच्या दुकानातला मुकादम. याला काचेच्या महालातून उचलून तू या डब्यात घालणार?"

"डबा नाही. बिऱ्हाड."

"आणि बाबा?"

"येतील की. वाघाला निमंत्रण द्यावं लागत नाही."

मुकादम हे नाव बाबांनीच ठेवलेलं. घरचं काचेचं दुकान. दुकानाच्या दर्शनी भागात बाबांनी स्वतः कापून, जोडून उभी केलेली काचपेटी, आणि त्या पेटीत हे कासव. कोपऱ्याला पट्टी नाही, सांधा दिसत नाही. रस्त्यावरून जाणारा माणूस थबकायचा, कासव उघड्यावरच चालतंय असं वाटून हात पुढे करायचा आणि बोटं काचेवर आपटली की स्वतःशीच हसायचा. मग आत येऊन आरशाचं नाहीतर खिडकीचं काम सांगून जायचा. कासव दिवसभर काचेच्या कडेकडेने चालायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून वळून परत या टोकाला. "मुकादम फेरीवर आहेत, हात चालवा," बाबा म्हणायचे आणि सगळं दुकान हसायचं.

काच कापायची हिरकणी बाबांच्या हातात, मापं घ्यायला दादा, आणि कडा घासणं, काचा पुसणं धाकटीकडे. पेटीची काच अकरा वर्षं तिनेच पुसली होती. दिवसातून दोनदा. पुसावी तर अशी, की काच नाहीच असं वाटलं पाहिजे, ही घरची शिकवण.

सोमवारी मुकादमाच्या नाकातून रक्त आलं, म्हणून ती त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नाक पाहिलं, पुढच्या पायांची झिजलेली नखं पाहिली आणि विचारलं, "काचेत ठेवता का याला?"

"हो. अगदी लख्ख असते."

"तेच तर. कासवाला काच कळत नाही, बाई. त्याला समोर वाट दिसते, म्हणून तो चालतो. नाक आपटतं, पण वाट दिसतेच. म्हणून पुन्हा चालतो."

"आम्हाला वाटायचं, फेरी मारतोय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आरपार न दिसणारी भिंत द्या त्याला. महागाचं काही नको. सामान ठेवायचे मोठे टब मिळतात ना, ते घ्या. एका कोपऱ्यात ऊब, दुसऱ्यात सावली, पोटाखाली उकरायला माती. भिंत दिसली की तो शहाण्यासारखा वळतो."

तिथून ती दुकानात गेलीच नाही. खोकं मांडीवर घेऊन आपल्या दीड खोलीच्या बिऱ्हाडी आली. वाटेत कितीतरी वेळ तिला स्वतःचे हात बघवेनात. जेवढी काच लख्ख, तेवढा मुकादम जोरात. दुकानाबाहेरचं कुणी घटकाभर बघत थांबलं असतं, तर म्हणालं असतं, अरे, धडकतोय तो. काचेच्या घरात जन्मलेल्यांना मात्र ते दिसलं नव्हतं. त्यांना फक्त काच किती चांगली आहे, ते दिसत होतं.

आता मंगळवारची दुपार. दोन्ही टब तिने अंगाला अंग लावून नटबोल्टने जोडले. मधल्या भिंतींना तापल्या सुरीने कमानीसारखं दार कापलं. कापलेली कड काच घासायच्या दगडाने घासली, अंगठा फिरवून पाहिला, पुन्हा घासली, आणि वर चिरलेली रबरी नळी बसवली. मग माती, वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एकत्र कालवून चार बोटं थर दिला. एका टबावर दिवा टांगला. दुसऱ्यात फुटक्या कुंडीचं अर्धुक पालथं घातलं, पाण्याची बशी काठापर्यंत मातीत रोवली. हात चालत होते तसं तिच्या ओठांवर काहीतरी येत होतं. कुणी शिकवलेलं नव्हतं, दगडाच्या घासण्यातूनच उठलेलं:

दिसे तिथं वाट, नसे तिथं दार
चाल चाल बाळा, भिंत आरपार

बाबा आले तेव्हा मुकादमाला आत सोडून घटकाभर झाली होती. बाबांनी पायातलं काढलं नाही. दाराशीच उभं राहून त्यांनी खोलीवर नजर फिरवली.

"कुठंय तो?"

तिने बोट दाखवलं.

"हे काय? कासवाला धुण्याच्या टबात घातलंस?"

"धुण्याच्या नाही. रजयांच्या."

"जीभ आवर. तीन पिढ्या काच केली आपण. आपल्या घरात प्लास्टिकचा पेला नाही. आणि तू त्या जिवाला या..." बाबांना पुढचा शब्द उच्चारायचीही लाज वाटली.

"तुमच्या घरात नाही ना? हे माझं घर आहे. भाड्याचं का असेना."

बाबा पुढे आले, टबावर वाकले. मुकादम कुंडीच्या अर्धुकाखाली शिरला होता. निम्मं अंग मातीत, मान लांब पसरलेली, डोळे मिटलेले.

"हलत का नाही? मेलाबिला नाही ना?"

"झोपलाय. अकरा वर्षांत दुपारचा पहिल्यांदा झोपलाय."

बाबा बघत राहिले. त्यांचा अंगठा आपोआप कापलेल्या कमानीकडे गेला, रबराखालून कडेवर फिरला. हे त्यांच्या हाताचं होतं, मनाचं नव्हे. कड दिसली की अंगठा जायचाच.

"कड कुणी घासली?"

"घासायचं काम माझंच की."

त्यांनी हात मागे घेतला. "परवा ठेकेदार यायचाय. लहान मुलांच्या शाळेचं काम. जमिनीपासून छतापर्यंत काच. मुकादमाची पेटी बघून तो आपल्याकडे वळलाय. दादाने आठ महिने त्याच्या दारी खेटे घातलेत. त्याला रिकामी पेटी दाखवू?"

"दाखवा."

"डोकं फिरलंय तुझं."

"बाबा, नवी काच बसवली की तिच्यावर खडूची फुली का मारता?"

"हे काय विचारणं झालं? माणसं धडकतात म्हणून."

"मुकादमासाठी मारली कधी?"

बाबांची नजर पुन्हा कुंडीकडे गेली. तिनेच पुढे म्हटलं, "पेटीच्या काचेवर खाली एक पुसट रेघ आहे. दोन बोटांच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिला डाग समजत होते. रोज घासायचे. जात नव्हती, कारण ती आतून आहे."

"कासवाच्या नाकाने रेघ उठायला ते काय लोणी आहे? काच आहे ती."

"नाकाने नाही. कवचाला वाळू चिकटते. वाळूने काच घासली जाते, हे तुम्हीच शिकवलंत. काचेला अकरा वर्षं लागली असतील. नाकाला किती लागली?"

बाबांचा चेहरा आवळला. लहानपणी त्या चेहऱ्यापुढे ती कुलुपासारखी मिटायची. आज फडकं कमरेला खोचून उभी राहिली.

"गुरुवारी सकाळी हा पेटीत दिसला नाही," बाबा शांतपणे म्हणाले, "तर तूही दुकानाची पायरी चढू नकोस."

जिन्यावरून त्यांची पावलं उतरून गेली, तसं काकूंचं मशीन थांबलं आणि काकूंचं डोकं दारातून आत आलं.

"सगळं ऐकलं हो मी. मुद्दाम नाही. भिंतच पातळ आहे. आता गं काय करशील?"

"गुरुवारी वेळेवर कामावर जाईन."

"आणि मुकादम?"

"त्यांची रजा आहे."

काकू हसल्या. धाकटी हसली नाही. चौदाव्या वर्षापासून ती त्या दुकानात होती. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि दुसरं यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

गुरुवारी ती निघाली तेव्हा मुकादम दिव्याखाली पाय पसरून भोपळ्याची फोड खात होता. उठून भिंतीपर्यंत गेला, भिंत पाहिली, वळला आणि परत येऊन खायला लागला. तेवढं बघून तिने कडी लावली.

दादा दुकानाच्या दारातच येरझारा घालत होता. "छोटे, आणलंस ना त्याला? हातात तर काहीच नाही तुझ्या!"

"हात आहेत."

"चेष्टा नको. माझं ऐक, बाबांनी बघायच्या आत घरी पळ. मी सांगतो काहीतरी."

"तू काही सांगू नकोस," ती म्हणाली आणि पायरी चढली.

बाबा गल्ल्यापाशी होते. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. ती थांबली, त्यांना बोलायला पुरेसा अवधी देऊन थांबली. ते बोलले नाहीत. त्यांच्या काळ्या विजारीवर, दोन्ही गुडघ्यांपाशी, धुळीचे दोन गोल उमटले होते. रिकाम्या पेटीचं मागचं दार उघडं होतं, आणि काचेवर आतून, त्या पुसट रेघेवर, अंगठ्याचा ताजा ठसा होता. धाकटी मागच्या खोलीत गेली, हातमोजे चढवले आणि कालच्या आरशाची कड घासायला बसली.

ठेकेदार आला तो मोठ्याने बोलतच आला. "काय उस्ताद! तुमचे मुकादम कुठे गेले?"

"आज जरा त्याची तब्येत..." दादा म्हणाला.

"तब्येत ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "तो आता इथे राहत नाही."

"मग?"

"माझ्या धाकट्या मुलीकडे असतो. प्लास्टिकच्या टबात."

मागच्या खोलीतला दगड थांबला. त्या दुकानात तो शब्द आजवर शिवीसारखाच वापरला गेला होता. आज बाबांनी तो एखाद्या पेठेचं नाव सांगावं तसा सांगितला.

ठेकेदार हसला. "राहू द्या. पेटी तर आहे. शाळेला काच मला अश्शीच हवी. पट्टी नको, सांधा नको. पोरं धावत आली की वाटलं पाहिजे, पुढे सगळं मोकळं अंगणच आहे."

"नाही जमणार."

"काय म्हणालात?"

"वर हवी तेवढी आरपार घ्या. खाली दुधी काच घालीन. इथे भिंत आहे, हे पोरांना लांबून कळलं पाहिजे."

"अहो उस्ताद, दुधी काच काय, कुठलाही दुकानदार बसवून देईल. तुमच्याकडे आलो ते कशासाठी?"

"मग कुठल्याही दुकानदाराकडे जा."

दादाने कपाळाला हात लावला. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्या थरथरीने भिंतीला लावलेल्या काचा किणकिणल्या आणि पुन्हा गप्प झाल्या. बाबा हात मागे बांधून उभे होते. ठेकेदार रिकाम्या पेटीकडे बघत राहिला. मग त्याने घसा साफ केला.

"कितीपर्यंत म्हणता दुधी?"

दादा लगबगीने पुढे झाला. खिशातून टेप काढत म्हणाला, "मी आत्ता शाळेत जाऊन माप..."

बाबांनी हात पुढे केला. दादाला आधी कळलं नाही. मग त्याने टेप त्या हातावर ठेवली. बाबा मागच्या खोलीच्या दारापर्यंत आले. धाकटी उठून उभी राहिली, हातमोजे भुकटीने पांढरे झालेले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नुसती टेप पुढे धरली.

"तू जा शाळेत. कुठवर दुधी घालायची, ते तूच ठरव."

तिने हातमोजा काढून टेप घेतली. ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, इतका हळू, की दादाला आणि ठेकेदाराला तो ऐकू गेला नसावा.

"माप उभ्याने घेऊ नकोस. खाली बसून घे."