पोटाखालचं झाकण

"सापडला!" मिलिमीटर एवढ्या जोरात ओरडले की मोरीत भांडी घासणाऱ्या बायकोच्या हातून पातेलं निसटलं.

"काय, उंदीर?" तिने आतूनच विचारलं.

"तुझ्या बहिणीचा नवरा! चोर आहे, पक्का चोर! ये इकडे, बघ."

ती हात पुसत बाहेर आली. जेवणाच्या टेबलावर मॉडेल बनवणाऱ्यांच्या मासिकाचा नवा अंक उघडा होता आणि त्यातला घडीचा मोठा कागद मिठाच्या बरणीवरून पार खुर्चीपर्यंत लोंबत होता. त्यावर एका अंतराळयानाचं ड्रॉइंग होतं, वरून, खालून, बाजूने. मिलिमीटरांचं बोट एकाच जागी रुतून बसलं होतं.

"हे काय आहे?"

"चौकोन," बायको म्हणाली.

"चौकोन नाही, झाकण! यानाच्या पोटाखालचं झाकण. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. आणि असलं झाकण जगात कुठेही नाहीये, कारण ते मी मनाने काढलंय!"

"मग मनाने कशाला काढलंत? एरवी तर माझ्या भाजीच्या फोडीही पट्टीने मोजता."

मिलिमीटर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. टाक्या आणि बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते उभी हयात ड्राफ्ट्समन होते. चहा किती देऊ म्हणून कोणी विचारलं, तर कपाच्या काठाखाली बोट धरून "इथपर्यंत" म्हणायचे. तेव्हा हे नाव चिकटलं आणि निवृत्तीनंतर घरापर्यंत चालत आलं. बायकोही पाठीमागे तेच म्हणायची. कधीकधी तोंडावरसुद्धा.

त्या कारखान्यातल्या थोरल्या साहेबांनी त्यांना एक युक्ती शिकवली होती. ड्रॉइंग बाहेर पाठवायचं असलं, की त्यात एक खोटं भोक टाकून द्यायचं. कामाला अपाय नाही, पण उद्या दुसऱ्याच्या टाकीवर ते भोक दिसलं, तर चोर कोण हे विचारायला नको. मिलिमीटरांनी 'मुसाफिर'च्या ड्रॉइंगमध्ये तेच केलं होतं. फक्त भोकाऐवजी झाकण.

आता हे 'मुसाफिर' कोण, ते सांगायला हवं. मिलिमीटरांच्या पोरवयात टीव्हीवर अंतराळाची एक मालिका लागायची. तिच्यात ग्रह पुठ्ठ्याचे होते, आणि एकच नट मिशी लावून शत्रू व्हायचा आणि मिशी काढून मित्र. पण त्यातलं यान! मुसाफिर! ते काळोखातून पुढे यायला लागलं, की शेजाऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली पोरं श्वास घ्यायची विसरायची. पुढे मालिका बंद पडली आणि यान बनवणारे कारागीरही गेले. मूळ आराखडे रद्दीत गेले असावेत. तेव्हा मिलिमीटरांनी ठरवलं, की मुसाफिरचे आराखडे आपण काढायचे. यान डोळ्यांनी न बघता, नुसत्या मालिकेच्या व्हिडिओ कॅसेटवरून.

कॅसेट चालवायची, नेमक्या क्षणी थांबवायची, टीव्हीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर लावायचा आणि पेन्सिल फिरवायची. काच फुगीर, म्हणून सरळ रेघ वाकडी यायची. मग ती बोर्डावर सरळ करत बसायचं. पण मॉडेल मुळात केवढं होतं, हे कसं कळणार? तिथे गाडी अडली होती. आणि एक दिवस त्यांना माशी दिसली. खरीखुरी घरातली माशी! यान तारकापुंजातून ऐटीत चाललंय आणि ही बया त्याच्या पाठीवर पाय चोळत बसलीय. चित्रीकरणात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मिलिमीटरांनी स्वयंपाकघरातल्या तीन माश्या मारून मोजल्या, सरासरी काढली आणि त्या मापाने यानाची लांबी ठरवली. बायकोने महिनाभर हा विषय माहेरच्यांपासून लपवून ठेवला.

आणि त्यांनी मात्र स्वतः होऊन ती माशी साडूला दाखवली. इथेच त्यांनी पायावर धोंडा पाडून घेतला.

साडू दातांचे डॉक्टर, वयाने लहान, बोलायला गोड. माशी बघून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "साडूबुवा, परत लावा बघू." झालं! त्या दिवसापासून दर रविवारी हजर. मिलिमीटरांनी त्यांना पेन्सिल कशी फिरवत धरायची इथपासून, कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कोणाचं नाव कुठे येतं इथपर्यंत सगळं शिकवलं. "काढणाऱ्याने स्वतःच तपासायचं नसतं," ते बजावायचे. "तपासणाऱ्याची सही नसेल, तर कागद बाहेर जात नाही." आपल्या ड्रॉइंगची एक प्रतही दिली. प्रेमाने दिली, खोटं का बोला.

पुढे साडूंनी कॉम्प्युटर घेतला, भराभर पानं काढली आणि दिली मासिकाला पाठवून. मिलिमीटरांचे कागद मात्र कपाटावरच्या नळकांड्यात. "अजून शेपटाचं एक माप जुळत नाहीये," असं ते वर्षानुवर्षं म्हणत होते. जग काही शेपटासाठी थांबत नाही. टीव्ही केंद्राच्या गोदामात खरं मुसाफिर सापडलं, धुळीने माखलेल्या बंद खोक्यात, तेव्हा ते मांडायला घेतलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी फोन कोणाला केला? मासिकात ज्याचं नाव होतं त्याला.

साडूंनी लगेच मिलिमीटरांना फोन लावला होता. "उद्या खोकं उघडणार आहेत. गाडी घेऊन येतो, चला."

"गुडघा दुखतोय," मिलिमीटर म्हणाले होते.

गुडघा ठणठणीत होता. दुखत होतं ते पोटात. आयत्या बिळावर नागोबा! माशी कोणी शोधली? काचेवर डोळे कोणी फोडले? आणि खोकं उघडायला हे जाणार, आपण यांच्या गाडीत शेजारी बसून जायचं? नातेवाईक म्हणून? त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं, तर गुडघ्याचंच कारण सांगितलं.

आणि आता उद्या संग्रहालयात मुसाफिरचं प्रदर्शन उघडणार होतं. यान दुरुस्त होऊन मधोमध, आणि मागच्या भिंतीवर त्याचा आराखडा, साडूंनी यान समोर ठेवून नव्याने काढलेला, या अंकात छापलेला तोच. त्या आराखड्याखाली नाव साडूंचं.

"तिथेच, सगळ्यांसमोर विचारतो," मिलिमीटर मासिकाची घडी घालत म्हणाले. "झाकण कुठून आणलंत, बोला."

"अहो, पण त्यांनी ते यान समोर बघितलंय ना? असेल तिथे झाकण."

"असेलच कसं? जे मी रचलं, ते तिथे असेल कसं? समोर यान असून आळशी माणसाने माझंच उतरवलं."

बायको खुर्चीवर बसली. तिच्या आवाजातली थट्टा संपली होती. "माझी एकच बहीण आहे. उद्या तुम्ही चारचौघांत तिच्या नवऱ्याला चोर म्हणालात, की तिच्या दारात जायला मला तोंड राहणार नाही. त्या भिंतीवर तुमचं नाव लागेल. माझं माहेर मात्र संपेल. एवढं मोजा तुमच्या पट्टीने."

मिलिमीटरांना ऐकू आलं. पण माणसाच्या डोक्यात एकदा जाळ पेटला, की दुसऱ्याचं बोलणं त्यात सरपणच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते काखेत नळकांडं मारून संग्रहालयात पोहोचले. बायको मागून, चार पावलं अंतर ठेवून. दारं लोकांसाठी उघडायला अजून वेळ होता. दालनात साडू, मेहुणी आणि संग्रहालयाच्या बाई होत्या. गुडघाभर उंचीच्या मंचावर, एका दांड्यावर, मुसाफिर उभं होतं.

मिलिमीटरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही. बघितलं असतं, तर आपला राग उतरेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"या, या भाऊजी!" मेहुणी पुढे आली. "ताई, अगं किती उशीर!"

"साडू," मासिक पुढे करत मिलिमीटर म्हणाले, "हे झाकण कुठून आणलंत?"

साडूंनी मासिकाकडे बघितलं. "कुठून म्हणजे?"

"बाई, तुम्हीही ऐका. हे पोटाखालचं झाकण खोटं आहे. मी ते चोर पकडायला म्हणून टाकलं होतं. हा माझा कागद, बघा, यांच्याआधी चार वर्षांचा! यांनी डोळे मिटून उतरवला."

मेहुणीने बहिणीकडे बघितलं आणि बायको जमिनीकडे बघू लागली. साडूंचा चेहरा आधी लाल झाला. मग हळूहळू त्यावर भलतंच काही पसरलं. राग नव्हे. ते चक्क थक्क झाले होते.

"खोटं?" ते म्हणाले. "तुम्ही ते मनाने काढलं होतंत?"

"स्वतःच्या मनाने!"

साडूंनी कोटाच्या खिशातून दात बघायचा लांब दांडीचा छोटा आरसा काढला आणि एक बारीक टॉर्च. मंचापाशी उकिडवे बसले, आरसा यानाच्या पोटाखाली सरकवला आणि म्हणाले, "साडूबुवा, इकडे या. वाकता येईल ना? गुडघा?"

मिलिमीटर वाकले. त्या नखाएवढ्या आरशात राखाडी रंग दिसला, मग एक कड, आणि मग झाकण. डाव्या पंखाच्या मागे, जिथे त्यांनी काढलं होतं तिथेच. स्क्रूसकट.

"आतले बल्ब उडायचे," साडू हलक्या आवाजात म्हणाले. "बदलायला हात कुठून घालणार? खोकं उघडलं, तेव्हा हे बघून मी सगळ्यांना सांगितलं, की आमच्या साडूबुवांनी हे टीव्हीवर कधी न दिसलेलं झाकण काढून ठेवलंय. मला वाटलं, तुम्ही विचार करून काढलं असणार. या बाई साक्षीला आहेत."

बाईंनी मान हलवली.

"आणि तुमचं चार कोपऱ्यांना चार स्क्रू होतं. इथे चौथा आत सरकलाय, कोपरा तडकला असणार. मी तसंच काढलंय. तुम्ही मोजलं नाहीत?"

नव्हतं मोजलं. ज्या माणसाने माश्या मोजल्या, त्याने साडूचं झाकण बघितलं मात्र, आणि पट्टी हातात घेतलीच नाही. मिलिमीटर उठायला गेले, पण आता गुडघा खरंच दुखायला लागला. ते मंचाच्या कडेवर बसले. लाज वाटत होती. आणि अजूनही, त्या लाजेच्या खालीसुद्धा, हेवा वाटत होता. खोकं उघडताना हा माणूस तिथे होता आणि आपण घरी गुडघा चोळत बसलो होतो. हे आता कधीच उलटं होणार नव्हतं.

"चूक झाली," ते म्हणाले. त्यांना एवढंच जमलं.

साडूंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. कोपऱ्यातल्या चौकटीत 'रेखाटन' या शब्दापुढे त्यांचं नाव होतं. खाली 'तपासणी' असं लिहिलं होतं आणि त्यापुढची जागा कोरी होती. मासिकातही ती तशीच होती. मिलिमीटरांना तो गबाळेपणा वाटला होता.

"तुम्हीच म्हणायचात ना, सही नसेल तर कागद बाहेर जात नाही. दोनदा फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत. छपाईला तसाच पाठवावा लागला. निदान भिंतीवर तरी..."

"भाऊजी, करून टाका सही," मेहुणी घाईघाईने म्हणाली.

"अशी कशी करून टाकू?" मिलिमीटर एकदम तिच्यावर डाफरले. "तपासल्याशिवाय?"

त्यांनी बूट काढले, खिशातून स्टीलची पट्टी काढली, आरसा आणि टॉर्च साडूंच्या हातातून घेतला आणि सरळ मंचावर पालथे झाले. गाल फळीला टेकवून, मान यानाखाली. तिथून ते एकेक माप ओरडून सांगू लागले आणि साडू भिंतीपाशी उभे राहून कागदाशी ताडू लागले.

"झाकणाची लांबी, बेचाळीस!"

"बरोबर."

"पंखापासून, अठरा!"

"बरोबर."

प्रत्येक "बरोबर" बारीक काट्यासारखं लागत होतं. एक तरी चूक निघू दे, असं मिलिमीटरांना मनापासून वाटत होतं. एकच, अर्ध्या मिलिमीटरची. एकही निघाली नाही. कागद चोख होता. हे आपणच याला शिकवलं, हा विचार त्यांच्या मनात आला. त्याने बरंही वाटलं आणि आणखी वाईटही.

"शेपूट," ते म्हणाले आणि थबकले. मग दोनदा मोजून माप सांगितलं.

"बरोबर."

हेच ते माप. वर्षानुवर्षं जुळत नव्हतं ते.

तेवढ्यात दालनाची दारं उघडली. लोक आत आले, पोरं मंचाभोवतीच्या दोरीला लोंबली. यानाखालून मोजे घातलेले दोन पाय बाहेर आलेले बघून एका माणसाने विचारलं, "हे कोण?"

"तपासनीस आहेत," साडू म्हणाले. "त्यांची सही झाल्याशिवाय आमचं काही खरं नाही."

मिलिमीटरांच्या डाव्या मोज्याला टाचेशी भोक होतं. बायकोने ते बघितलं. ती काही न बोलता पुढे सरकली आणि त्या पायांच्या आड, पर्स समोर धरून उभी राहिली. तिची बहीण येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"साडूबुवा," साडू वाकून म्हणाले, "सगळी मापं झाली. बाहेर या आता, सही करायची आहे."

आतून पट्टी फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"थांबा हो जरा," मिलिमीटर म्हणाले. "अजून बघितलंच नाहीये मी. बघू तर द्या."